सोलापुरातली जुनी कब्रस्तानं, रुद्रभूमी आणि दुःखाच्या आठवणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या दफनभूमीत साफसफाईला, स्मरणदिनाला किंवा आपल्या घरच्या कुणाची कबर शोधायला येणारी माणसं साधारण तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही लांबली आहेत, काही एका ओळीत संपली आहेत.

मार्शल लॉच्या हुतात्म्यांना श्रद्धांजली वाहायची आहे. कोणत्या स्मशानात जायचं?

स्मशानात नाही, चौकात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात फाशी दिली. सोलापुरात त्यांचं स्मरण चार हुतात्मा पुतळ्यांपाशी होतं. शिवाय हुतात्मा स्मृती मंदिर आहे, किल्ल्याजवळची हुतात्मा बाग आहे आणि रोज पुण्याला जाणारी हुतात्मा एक्सप्रेसही आहे. गाडीत जागा धरायला धावणाऱ्या किती जणांना हे नाव कुणावरून पडलं ते आठवत असेल, हा प्रश्न वेगळा. पण नाव रोज तोंडात राहतं, हेही कमी नाही.

1930 साली नेमकं काय झालं होतं?

गांधीजींना 5 मे 1930 रोजी अटक झाली आणि शहर पेटलं. 8 मे रोजी जमाव शिंदीची झाडं तोडायला निघाला, पोलिसांनी गोळीबार केला. त्यात शंकर शिवदारे पडले. चिडलेल्या लोकांनी पोलीस चौकी आणि कोर्टाची इमारत जाळली, दोन पोलीस मारले गेले. त्यानंतरचे काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमल नावालाही उरला नव्हता. 12 मेपासून मार्शल लॉ लागू झाला आणि जूनअखेरपर्यंत राहिला. पुढे त्या दोन पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून या चौघांना फाशी झाली.

यात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्या दोन पोलिसांच्याही घरी रडारड झालीच असेल. कुर्बान हुसेनच्या नावाने हार घालणाऱ्या शहराने त्यांच्यासाठीही पुतळा उभारावा, असं मी म्हणणार नाही. पण शाळेतल्या मुलांना ही हकीकत सांगताना त्यांचा उल्लेख गाळू नये, एवढं मात्र वाटतं.

12 जानेवारीला गर्दी असते का?

शहरात गर्दी असते, पुतळ्यांपाशी बेताची. त्याच दिवसांत सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे गड्डा, भरते. नंदीध्वज, तैलाभिषेक, अक्षता यांत सगळं शहर गुंतलेलं असतं. शांतपणे उभं राहायचं असेल तर सकाळी लवकर जा. कार्यक्रम, भाषणं, हार नंतर सुरू होतात.

प्रत्येक समाजाची स्मरणाची पद्धत इतकी वेगळी का?

कारण देहाचं काय करायचं, यावर आठवण कुठे ठेवायची हे ठरतं. जिथे दहन होतं तिथे तिसऱ्या दिवशी राख सावडली, अस्थी नदीत सोडल्या की जमिनीवर काही उरत नाही. म्हणून अशा घरांत आठवण तिथीला चिकटते : श्राद्ध, पितृपक्ष, कावळ्याला घास, भिंतीवरचा हार घातलेला फोटो. सार्वजनिक दुःख असेल तर ते चौकातल्या पुतळ्याला किंवा स्तंभाला चिकटतं. जिथे दफन होतं तिथे जागा उरते. तिथे माणसं येतात, माती सारखी करतात, फुलं ठेवतात, नाव वाचतात.

सोलापुरात हे सगळे प्रकार थोड्या थोड्या अंतरावर दिसतात. इथे मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी उर्दू बोलणारी घरं एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे एकाच गल्लीतले शेजारी आपापल्या माणसांना वेगवेगळ्या ठिकाणी पोहोचवतात. मार्शल लॉच्या चौघांची नावं पाहा. चौघांच्या समाजांच्या अंत्यविधीच्या रीती सारख्या नाहीत. त्यांची आठवण एकत्र करायची तर कुठल्याच एका समाजाची दफनभूमी चालली नसती, चौकच हवा होता.

रुद्रभूमी म्हणजे काय? तिथे समाध्या कशा असतात?

लिंगायत समाजाच्या दफनभूमीला रुद्रभूमी म्हणतात. मृताला बसवून, ध्यानस्थ अवस्थेत, विभूती लावून, हाती इष्टलिंग देऊन पुरतात. खड्ड्यात बसण्यासाठी कोनाडा केलेला असतो. वर कधी साधा मातीचा उंचवटा असतो, तर कधी दगडी चौथरा आणि त्यावर लिंग किंवा नंदी. सोलापूरकरांना हे परकं वाटत नाही, कारण शहराचं ग्रामदैवत असलेल्या सिद्धरामेश्वरांची समाधी तळ्याकाठच्या देवळातच आहे आणि लोक तिथे रोज जातात. त्यामुळे समाधीपाशी जाऊन हात जोडायचा संकोच इथल्या माणसाला नसतो.

अपघातात किंवा दंगलीत गेलेल्या माणसाचं श्राद्ध कधी करतात?

भाद्रपद वद्य चतुर्दशीला, म्हणजे घातचतुर्दशीला. शस्त्राने, अपघाताने किंवा इतर अकाली कारणाने गेलेल्यांसाठी हा दिवस राखून ठेवला आहे. सवाष्ण गेलेल्या बाईचं अविधवा नवमीला करतात. आणि ज्याची तिथीच माहीत नाही त्याचं सर्वपित्री अमावास्येला. मोठ्या दुर्घटनेनंतर हा शेवटचा दिवस फार कामाला येतो. माणूस बेपत्ता झाला, देह मिळाला नाही, गेल्याचा दिवस कळला नाही, तरी घरच्यांना पान वाढायला एक दिवस असतो. पंचांग करणाऱ्यांनी ही सोय कधीच करून ठेवली आहे.

शब-ए-बरातला कब्रस्तानात दुसऱ्या धर्माच्या माणसाने गेलं तर चालतं का?

ओळखीच्या माणसाबरोबर गेलात तर कुणी अडवत नाही. शाबान महिन्याच्या 14 आणि 15 तारखेमधली ही रात्र. कबरींवर फुलं, उदबत्त्या, दिवे असतात आणि घरातले पुरुष फातिहा पढतात. बायकांनी आत जावं की नाही याबद्दल मतं वेगवेगळी आहेत, तेव्हा आधी विचारून घ्या. चपला कुठे काढायच्या, कुठून चालायचं हेही विचारा. कबरीवरून ओलांडून जाऊ नका, हे मात्र विचारायची गरज नाही.

ख्रिस्ती दफनभूमीत 2 नोव्हेंबरला, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनी, मेणबत्त्या लावतात. काही मराठी मंडळ्या ईस्टरच्या पहाटे तिथेच उपासनेला जमतात.

प्लेग आणि इन्फ्लुएंझाच्या साथीत गेलेल्यांच्या कबरी कशा ओळखायच्या?

दगडावर आजाराचं नाव क्वचितच असतं, तारखा पाहाव्या लागतात. इन्फ्लुएंझाची मोठी लाट मुंबई इलाख्यात सप्टेंबर ते नोव्हेंबर 1918 मध्ये आली. ती विशेषकरून तरण्याताठ्या माणसांना घेऊन गेली. एखाद्या जुन्या दफनभूमीत त्या तीन महिन्यांतले दगड ओळीने दिसले, वयं पंचवीस-तीस असली आणि एकच आडनाव दोन-तीनदा आलं, तर साथ घरात शिरली होती असं समजायला हरकत नाही. तरीही दगड असलेल्या कबरी म्हणजे दगड परवडलेल्यांच्या कबरी. बाकीच्यांवर नुसती माती लोटली गेली.

प्लेग 1896 साली मुंबईत आला आणि पुढच्या काही वर्षांत दख्खनभर फिरला. लोक गाव रिकामं करून माळावर झोपड्या बांधून राहायचे. अशा वेळी कुणाला कुठे पुरलं याची नोंद कोण ठेवणार? म्हणून साथींची आठवण आपल्याकडे दगडापेक्षा देवतेत जास्त राहिली. गावाच्या वेशीवरची मरीआई पाहा. पटकी-महामारीची धास्ती आणि ती गेल्याचं हायसं वाटणं, दोन्ही त्या शेंदूर फासलेल्या दगडात आहे. आषाढात तिला नैवेद्य नेणाऱ्या आजीला साल विचारू नका, ते तिला सांगता येणार नाही. पण साथीत काय करावं, काय करू नये, हे ती बरोबर सांगेल.

दुष्काळात मेलेल्यांचं स्मारक आहे का?

त्या नावाचं नाही. 1876 ते 1878 च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा फार होरपळला. त्या काळातलं डोळ्यांना दिसणारं काही पाहायचं असेल तर मोहोळ तालुक्यातला आष्टी तलाव पाहा. तो दुष्काळी काम म्हणून हाती घेतला होता. पोटासाठी टोपल्या वाहणाऱ्यांच्या मेहनतीने तो बांध उभा राहिला. 1972 च्या दुष्काळातले पाझर तलाव आणि खडी फोडून केलेले रस्तेही तसेच. त्या वेळी मदत म्हणून मिळालेली सुकडी आणि मिलो (लाल ज्वारी) खाल्लेली माणसं अजून आहेत. त्यांच्याकडून ऐकून लिहून घ्या, ही वेळ पुन्हा येणार नाही.

देवळाबाहेर कोरीव दगड उभे असतात. त्या जुन्या कबरी आहेत का?

नाही, बहुतेक वेळा ते वीरगळ असतात. लढाईत किंवा गावाची गुरं सोडवताना पडलेल्या वीरासाठी उभारलेला हा दगड. खालून वर वाचायचा : सर्वांत खाली लढाई, त्यावर वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्याशी चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य आहेत तोवर कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ. शेजारी काटकोनात वाकलेला, बांगड्यांचा हात कोरलेला दगड असेल तर ती सतीशिळा.

सोलापूर जिल्ह्यातल्या गावांत असे दगड पारापाशी, विहिरीच्या काठाला, कधी धुणं धुवायच्या दगडांत सापडतात. नाव बहुधा कोरलेलं नसतंच. दुःखद मरणाचं स्मारक गावाने स्वतः करायचं, ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे, त्यासाठी बाहेर उदाहरणं शोधायला नकोत. शंभर वर्षांपेक्षा जुना कोरीव दगड कायद्याने पुरावस्तू ठरतो. घरी नेऊ नका, सिमेंटमध्ये बसवू नका. पुरातत्त्व विभागाला कळवा.

डॉ. कोटणीसांची समाधी सोलापुरात आहे ना?

नाही. सोलापुरात त्यांचं जन्मघर आणि स्मारक आहे. कबर चीनमध्ये, हबेई प्रांतातल्या शिज्याच्वांग शहरातल्या हुतात्मा दफनभूमीत आहे.

द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म सोलापूरचा, 10 ऑक्टोबर 1910 चा. जपानने चीनवर आक्रमण केल्यानंतर 1938 मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते होते. बाकीचे परतले, हे राहिले. चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर डोंगराळ भागात शस्त्रक्रिया केल्या, बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, क्वो चिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. 9 डिसेंबर 1942 रोजी अपस्माराच्या झटक्याने गेले. वय अवघं बत्तीस. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता.

त्याच दफनभूमीत कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांचीही कबर आहे. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंगचा सण येतो. त्या दिवशी चिनी घरं आपल्या पूर्वजांच्या कबरी झाडतात, आणि हुतात्म्यांच्या दफनभूमीत शाळेची मुलं फुलं घेऊन येतात. आपल्या पितृपक्षाचं त्या सणाशी जवळचं नातं वाटतं, फक्त तिथे हातात झाडू असतो. सोलापूरच्या माणसाची कबर परक्या देशातली मुलं झाडतात. इथल्या त्यांच्या घरी मात्र शाळांच्या सहली आणखी कितीतरी जास्त यायला हव्यात.

जुन्या गोऱ्या लोकांच्या कबरींशी आपला काय संबंध?

आत कोण आहे ते आधी वाचा. कितीतरी दगडांखाली तान्ही मुलं असतात, बाळंतपणात गेलेल्या बायका असतात, पटकीने गेलेले विशीतले शिपाई असतात. त्यांच्या सरकारबद्दल सोलापूरने 1930 साली जे सांगायचं ते सांगितलं आहे. ते दोन वर्षांच्या पोरीच्या कबरीवर काढायचं कारण नाही.

या कबरी सांभाळायला माणूस उरत नाही, ही अडचण खरी आहे. त्यावरचा एक उपाय पुण्याजवळ खडकीला दिसतो. भारत-पाकिस्तानातल्या नागरी आणि छावणीच्या दफनभूमींत पुरलेल्या, पण ज्यांच्या कबरींची देखभाल शक्य नव्हती अशा पहिल्या महायुद्धातल्या अठराशेहून अधिक सैनिकांची नावं तिथल्या स्मारकावर एकत्र कोरली आहेत. कबर गेली तरी नाव राहिलं.

किल्लारीच्या भूकंपाची आठवण सोलापुरात कशी?

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास धक्का बसला तेव्हा सोलापूरही जागं झालं होतं. आदल्याच दिवशी गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसं मातीच्या आणि दगडाच्या घरांखाली गेली. त्या वेळी मदतीला धावलेली, औषधं आणि भाकऱ्या नेलेली माणसं सोलापुरात गल्लोगल्ली सापडतील. सामूहिक चिता पेटल्या, वेगवेगळे विधी करायला कुणाला सवड नव्हती. किल्लारीत दर वर्षी 30 सप्टेंबरला स्मृतिस्तंभापाशी श्रद्धांजली वाहिली जाते. इथल्या पुष्कळ घरांत मात्र ती तारखेपेक्षा विसर्जनाची रात्र म्हणूनच लक्षात आहे.

कबरीचा दगड कसा साफ करावा?

साधं पाणी, मऊ ब्रश आणि धीर. बस. तारेचा ब्रश, ॲसिड, फरशी पुसायची पावडर, प्रेशरचं पाणी यातलं काहीही नको. आपल्याकडे काळ्या दगडाबरोबर शहाबादी फरशी भरपूर वापरली आहे. ती चुनखडीची असते, ॲसिड पडलं की पृष्ठभाग खातं आणि अक्षरं कायमची जातात. संगमरवराचंही तेच. सांधे भरायचे तर चुन्याने भरा. सिमेंट दगडापेक्षा कडक असतं, पाणी अडकवतं आणि पाच-दहा पावसाळ्यांत दगडालाच तडा देतं.

आणि कृपा करून ऑइलपेंट लावू नका. भक्तिभावाने, वर्गणी काढून, चकचकीत रंग फासलेले दगड पाहिले की रडू येतं. त्यापेक्षा मळलेला दगड परवडला.

अक्षरं पुसट आहेत. खडू किंवा पीठ चोळलं तर वाचता येतात म्हणे?

येतात, पण पीठ भेगांत राहतं आणि त्यावर बुरशी धरते. त्याऐवजी संध्याकाळी जा आणि मोबाइलचा टॉर्च दगडाच्या कडेला टेकवून तिरपा उजेड टाका. उन्हात असाल तर आरशाने तिरीप पाडा. फोटो काढून घरी मोठा करून वाचा.

आम्हाला आमच्या दफनभूमीत दुर्घटनेचं नवं स्मारक बांधायचं आहे. कुठून सुरुवात करू?

यादीपासून. सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सर्वांत कमी आवडणारं उत्तरही हेच. लोक ग्रॅनाइटचे दर घेऊन येतात, उद्घाटनाला कुणाला बोलवायचं तेही ठरलेलं असतं. गेलेल्यांची नावं विचारली की तीन-चार सांगून थांबतात. कोनशिलेवर नगरसेवकांची नावं मृतांपेक्षा जास्त, असा प्रकार मग होतो.

तेव्हा आधी घरोघर जा. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, काम, राहण्याची पेठ, गेल्याचा दिवस. आडनावाचं स्पेलिंग घरच्यांकडून तपासून घ्या. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू यांपैकी घरात जी भाषा असेल तिच्यातही नाव लिहून घ्या, कारण नाव परक्या लिपीत गेलं की बदलतं. बायकांची आणि मुलांची नावं हटकून सुटतात, ती मुद्दाम विचारा. कुणी नाव द्यायला तयार नसेल तर आग्रह धरू नका. मग वर्षातला एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी ती यादी मोठ्याने वाचा. सलग काही वर्षं माणसं येत राहिली तर दगडाचं पाहा. आली नाहीत, तर दगडापाशीही येणार नाहीत.

परवानगी कुणाची लागते?

जागा कुणाची त्यावर आहे. महापालिकेची असेल तर महापालिकेची, वक्फ नोंदीतली असेल तर मुतवल्ली (वक्फ जागेची व्यवस्था पाहणारा) आणि वक्फ बोर्डाची, चर्चची असेल तर मंडळीची, समाजाची असेल तर ट्रस्टची. जुन्या कबरी हलवणं, खणणं हा विचारही स्वतःहून करू नका. भावना दुखावण्याच्या हेतूने दफनभूमीत घुसणं किंवा मृताच्या अवशेषांची विटंबना करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 301 खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

पणजोबा सोलापुरात गेले एवढंच माहीत आहे. कबर किंवा नोंद कशी सापडेल?

जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा 1969 चा आहे, पण त्याआधीच्या नोंदवह्याही नगरपालिकांकडे असतात. नाव, पेठ आणि अंदाजे साल घेऊन जा, नुसत्या नावावर कुणी वह्या काढून देणार नाही. ख्रिस्ती असतील तर चर्चचं दफन रजिस्टर पाहा. युरोपियन असतील तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या नोंदी आहेत. दहन झालं असेल आणि घरचे अस्थी घेऊन नाशिक-त्र्यंबकला गेले असतील, तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत वंशावळ मिळण्याची बरीच शक्यता असते. मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की ते वही काढतात.

फोटो काढले तर चालतात?

दगडांचे चालतात. कुणाचा अंत्यविधी सुरू असेल तर मोबाइल खिशात ठेवा. रील तर अजिबात नको.

जायला चांगला वेळ कोणता?

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, सकाळी. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचं ऊन दहा वाजताच चटका देतं आणि काळा दगड हात लावू देत नाही. पावसाळ्यात गवत गुडघ्याच्या वर जातं, त्यात घोणस असते. जायचंच असेल तर बूट घाला, हातात काठी ठेवा आणि राखणदाराला सांगून आत जा.